दुसऱ्यांदा घेतलेला निर्णय

स्मारकाच्या भूमिपूजनाला मंत्री येतात, अनावरणाला राष्ट्राध्यक्ष येतात. सत्तर वर्षांनी त्याच स्मारकाच्या चौथऱ्यात पाणी मुरू लागते, तेव्हा पैसे मंजूर करायची वेळ येते ती युद्ध न पाहिलेल्या, मृतांपैकी एकालाही न ओळखणाऱ्या माणसांवर. शहराला आपल्या मृतांची आठवण खरोखर हवी आहे का, याचा निकाल माझ्या मते तेव्हा लागतो. पहिल्या वेळी दुःख ताजे असते, घराघरांतून माणसे गेलेली असतात, विजयाचा किंवा पराभवाचा आवेग असतो. त्या भरात स्मारक उभे राहणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या वेळी यातले काहीच हाताशी नसते. तेव्हा जे होते तो शांत डोक्याने घेतलेला निर्णय असतो आणि म्हणून तो मला अधिक मोलाचा वाटतो.

अमेरिकेच्या मधोमध, मिझुरी राज्यात असलेल्या कॅन्सस सिटी या शहराने असा निर्णय घेतला. पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबले आणि लगोलग शहरातल्या कर्त्या मंडळींनी स्मारकाची हालचाल सुरू केली. पुढाकार होता रॉबर्ट ए. लाँग या लाकडाच्या बड्या व्यापाऱ्याचा. १९१९ मध्ये वर्गणी मागायला सुरुवात झाली आणि दहा दिवसांत २५ लाख डॉलर जमले. त्या काळच्या मानाने ही रक्कम प्रचंड होतीच, पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो देणाऱ्यांचा आकडा. तब्बल ८३ हजार माणसांनी पैसे दिले. शहराची वस्ती तेव्हा जेमतेम सव्वातीन लाख होती. म्हणजे दर चार माणसांमागे एकाचा हात या स्मारकाला लागला. एखाद्या सावकाराने किंवा सरकारने एकरकमी पैसे ओतून बांधलेल्या वास्तूशी लोकांचे जे नाते असते, त्याहून हे नाते वेगळे होते. पुढे ते कामी आले.

जागा निवडली ती युनियन स्टेशनच्या समोरची टेकडी. आगगाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाची नजर पहिल्यांदा तिथे जावी, ही त्यामागची योजना. १ नोव्हेंबर १९२१ रोजी त्या जागेचे समर्पण झाले तेव्हा फ्रान्सचे मार्शल फॉश, अमेरिकेचे जनरल पर्शिंग, ब्रिटनचे अॅडमिरल बीटी, इटलीचे जनरल दियाझ आणि बेल्जियमचे जनरल जाक असे दोस्त राष्ट्रांचे पाच सेनानी एकाच व्यासपीठावर आले. एक लाखाहून अधिक माणसे टेकडीभोवती उभी होती. या सेनानींना ध्वज देण्याचे काम युद्धावरून परतलेल्या एका स्थानिक माणसाकडे आले. तोफखान्यात कॅप्टन राहिलेला हा सदतीस वर्षांचा गृहस्थ त्या वेळी शहरात पुरुषांच्या कपड्यांचे दुकान चालवत होता. नाव हॅरी ट्रुमन. त्याच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

बांधकाम १९२३ मध्ये सुरू झाले आणि ११ नोव्हेंबर १९२६ रोजी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांच्या हस्ते स्मारक लोकांना अर्पण झाले. वास्तुरचना न्यूयॉर्कचे हॅरल्ड व्हॅन ब्यूरेन मॅगोनिगल यांची. २१७ फुटांचा चुनखडीच्या दगडाचा मनोरा, त्याच्या माथ्यावर चार दिशांना तलवार टेकून उभे असलेले चार रक्षक, खाली रुंद चौथरा, दोन बाजूंना दोन दालने आणि भोवती बाग. चौथऱ्यावर दोन स्फिंक्स आहेत आणि दोघांनी आपल्या पंखांनी तोंड झाकून घेतले आहे. एकाचे नाव स्मृती. ती पूर्वेकडे, फ्रान्सच्या रणभूमीच्या दिशेला तोंड करून बसली आहे आणि तिथे जे घडले ते तिला पाहवत नाही. दुसऱ्याचे नाव भविष्य. तो पश्चिमेकडे वळलेला आहे आणि पुढे काय आहे ते त्याला दिसत नाही. विजयाच्या उन्मादात बांधलेल्या वास्तूत अशी दोन शिल्पे बसवणाऱ्यांच्या मनात निव्वळ जयघोष नव्हता, हे मान्य करावे लागते.

मनोऱ्याच्या टोकावर रात्री ज्योत पेटलेली दिसते. ती खरी आग नाही. बॉयलरमधून वर नेलेली वाफ आणि तिच्यावर टाकलेला तांबूस-नारिंगी प्रकाश यांतून ती ज्योत तयार होते. या तपशिलापाशी मी मुद्दाम थांबतो. ज्योत अखंड आहे असे आपण म्हणतो, पण रोज संध्याकाळी कुणीतरी यंत्र चालू करतो, नळ तपासतो, दिवे बदलतो आणि महिन्याच्या शेवटी शहराच्या नावाने बिल येते, तेव्हा ती अखंड राहते. स्मरण म्हणजे भावना हे खरे, पण शहराच्या पातळीवर ती भावना अंदाजपत्रकातल्या एका ओळीत उतरली नाही तर ज्योत विझते. यात स्मरणाचा काही अपमान आहे असे मला वाटत नाही. आईवडिलांच्या श्राद्धालाही तांदूळ आणावेच लागतात.

एका दालनात काशाच्या पाट्यांवर युद्धात गेलेल्या शहरवासीयांची नावे कोरली आहेत. ती आहेत ४४१. सव्वातीन लाखांच्या शहरात ४४१ म्हणजे फार नव्हेत, असे युरोपातल्या कुणालाही वाटेल. फ्रान्समधल्या मध्यम आकाराच्या गावांनीही याहून जास्त माणसे गमावली. तरी ८३ हजारांनी पैसे दिले. इतक्या मोठ्या वर्गणीमागे केवळ दुःख नसणार. शहराला देशाच्या नकाशावर आपले ठळक स्थान हवे होते, व्यापाऱ्यांना आपल्या शहराचा अभिमान मिरवायचा होता. यात वाईट काही नाही. पण अभिमान लवकर ओसरतो. नवे पूल, नवी मैदाने, नव्या इमारती त्याला मिळाल्या की जुन्या वास्तूकडे पाहायला तो परत येत नाही.

इथेही तसेच झाले. दुसरे महायुद्ध आले आणि पहिल्याची आठवण त्याच्या सावलीत गेली. कोरिया, व्हिएतनाम झाले. १९६१ मध्ये डागडुजी करून स्मारकाचे पुन्हा समर्पण झाले. त्या वेळी ट्रुमन आणि आयझेनहॉवर हे दोन माजी राष्ट्राध्यक्ष हजर होते. पण तेवढ्याने भागले नाही. चौथऱ्याच्या फटींतून पाणी शिरत राहिले, खालचा आधार कमकुवत होत गेला, दगड झिजले. कोकणातल्या कौलारू घरासारखेच आहे हे: दरवर्षी मिरगाच्या आधी कौले परतली तर घर शंभर वर्षे राहते आणि चार पावसाळे दुर्लक्ष केले की वासे कुजतात. १९९४ मध्ये शहराने सुरक्षेच्या कारणावरून स्मारकाला कुलूप लावले. ज्या वास्तूसाठी चौथा हिस्सा शहराने पैसे दिले होते, तिथे आता कुणाला पाऊल टाकता येत नव्हते.

शहरापुढे तेव्हा कोणते पर्याय होते? कुंपण घालून मनोरा दुरून पाहायला ठेवता आला असता. थोडी मलमपट्टी करून पुढच्या महापौरावर प्रश्न ढकलता आला असता. एखाद्या धनिकाला गाठून त्याच्या नावाची पाटी लावता आली असती. शहराने प्रश्न मतदारांपुढे नेला. १९९८ मध्ये मतदान झाले: १८ महिन्यांसाठी विक्रीकरात अर्धा टक्का वाढ, आणि तो पैसा या स्मारकासाठी. लोकांनी होकार दिला. त्यांच्यापैकी जवळजवळ कुणीही पहिले महायुद्ध पाहिले नव्हते. २००२ मध्ये स्मारक पुन्हा खुले झाले. २००४ मध्ये मतदारांनी आणखी २ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मान्यता दिली आणि २ डिसेंबर २००६ रोजी त्याच चौथऱ्याच्या पोटात महायुद्धाचे भव्य संग्रहालय सुरू झाले.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. विक्रीकर गरिबाच्या पावावरही बसतो. शंभर वर्षांपूर्वीच्या मृतांसाठी आज जगणाऱ्याच्या खिशात हात का घालायचा? त्या पैशात दवाखाना झाला असता, शाळेचे छप्पर झाले असते. हा वाद नवा नाही. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत हा वाद पेटलाच होता: मृतांच्या नावाने मनोरे उभारावेत की सभागृहे, इस्पितळे, मुलांची मैदाने? उपयोगी स्मारकांच्या बाजूचे म्हणणे होते की, जिवंतांच्या कामी येणारी वास्तू हेच खरे स्मरण. या म्हणण्यात तथ्य आहे. पण अनुभव असा, की उपयोगी वास्तूतला उपयोग उरतो आणि स्मरण निघून जाते. आपल्याकडे हुतात्म्यांच्या नावाची किती सभागृहे आहेत आणि तिथे लग्नाला गेलेल्या किती जणांना तो हुतात्मा कोण होता हे सांगता येईल? नाव पत्रिकेवर पत्त्यापुरते उरते. स्मरणासाठी अशी एक जागा लागते जिला दुसरे काहीच काम नाही.

आणि दवाखाना की स्मारक, हा प्रश्न कुणी विचारायचा? इथे कॅन्सस सिटीचे मला कौतुक वाटते. कर गरिबावरही बसणार होता म्हणूनच गरिबालाही विचारले गेले. किती कर, किती महिने, कशासाठी, हे सगळे मतपत्रिकेवर होते. मुदत संपली की कर संपणार होता. लोकांना स्पष्ट काम आणि स्पष्ट हिशेब दाखवला तर ते मृतांसाठीही पैसे देतात. न विचारता शेकडो कोटींचे स्मारक जाहीर करणे आणि पुढे वर्षानुवर्षे त्याच्या जागेवर पत्रे लावून ठेवणे, ही पद्धत आपल्या सवयीची झाली आहे. त्या पद्धतीत नागरिक फक्त प्रेक्षक उरतो. ज्याला स्मारक बांधताना विचारले नाही, तो ते पडताना हळहळणार नाही.

दुरुस्ती झाली, एवढ्यावर ही गोष्ट संपली असती तर मी ती इतकी लांबवली नसती. खरी गोष्ट पुढे आहे. दुरुस्ती करताना शहराने स्मारकाचा अर्थही वाढवला. १९२६ ची वास्तू अमेरिकेच्या आणि दोस्तांच्या विजयाची होती. २००६ चे संग्रहालय सगळ्या जगाच्या युद्धाचे आहे. त्याच्या मुख्य प्रदर्शनाचा पहिला भाग १९१४ ते १९१७ चा आहे, म्हणजे अमेरिका युद्धात उतरण्याआधीचा. अमेरिकेच्या भूमीवर, अमेरिकी लोकांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या संग्रहालयात पाहुणा पहिल्यांदा दुसऱ्यांच्या मरणातून चालतो, मग स्वतःच्या देशाच्या. आत जाताना काचेचा पूल ओलांडावा लागतो. काचेखाली लाल पॉपीच्या फुलांचे शेत आहे. फुले ९ हजार, एका फुलामागे एक हजार सैनिक. ९० लाख मृत सैनिक पायाखाली ठेवून माणूस आत शिरतो. त्यात जर्मनही आले, तुर्कही आले, आणि आपलेही. महायुद्धात सुमारे ७४ हजार हिंदी सैनिक मेले. या हिशेबाने त्या शेतातली सत्तरेक फुले आपली आहेत. मराठी माणूस शिकागोहून किंवा डॅलसहून तिथे गेला तर त्याने त्या पुलावर जरा थांबावे.

पण अर्थ वाढवणे म्हणजे जुने पाप धुऊन टाकणे नव्हे. स्मारकाच्या संघटनेत वर्षानुवर्षे राबलेल्यांमध्ये जे. सी. निकल्स हे नाव मोठे आहे. शहराचे देखणे विभाग त्यांनी वसवले. त्याच विभागांच्या खरेदीखतांत कृष्णवर्णीयांना घर विकण्यास मनाई करणाऱ्या अटी होत्या, आणि पुढे देशभरच्या बिल्डरांनी त्या अटींचा कित्ता गिरवला. ज्या टेकडीवर स्वातंत्र्याच्या रक्षणाचे नाव घेऊन मनोरा उभा राहिला, तिच्याच आसपास त्या स्वातंत्र्यासाठी वेगळ्या पलटणीत लढून आलेल्या काळ्या सैनिकाला घर मिळत नव्हते. २०२० मध्ये शहराच्या उद्यान मंडळाने निकल्स यांचे नाव एका कारंज्यावरून आणि रस्त्यावरून काढले. काहींना हा इतिहासावरचा घाला वाटला. मला तो त्याच निर्णयाचा पुढचा भाग वाटतो. स्मारक दुरुस्त करणारी पिढी हिशेब तपासतेच. दगड तपासायचा आणि नावे तपासायची नाहीत, असे करता येत नाही.

आता ट्रुमनकडे. युद्धे संपवणारे युद्ध म्हणून जे लढले गेले, त्याच्या स्मारकाच्या जागेवर ज्याने १९२१ मध्ये सेनानींना ध्वज दिले, त्याच्याच कारकिर्दीत ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. भविष्याने पंखांनी तोंड झाकून घेतले होते ते उगाच नव्हते. हिरोशिमात स्फोटकेंद्राजवळ एका प्रदर्शन इमारतीचा घुमट सांगाडा होऊन उभा राहिला. भोवतीचे शांतिउद्यान केन्झो तांगे यांच्या आराखड्यानुसार पन्नाशीच्या दशकात आकाराला आले, पण त्या सांगाड्याचे काय करायचे यावर शहर बरीच वर्षे दुभंगलेले होते. वाचलेल्यांपैकी अनेकांना तो पाहवत नव्हता. तो पाडा, असे ते म्हणत आणि त्यांना तसे म्हणण्याचा पूर्ण अधिकार होता. स्फोटाच्या वेळी वर्षाची असलेली एक मुलगी १९६० मध्ये सोळाव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली. हा घुमटच पुढच्यांना या बॉम्बची आठवण देईल, अशा आशयाचे तिने वहीत लिहून ठेवले होते. मुलांनी सह्या गोळा केल्या, पैसे गोळा केले. १९६६ मध्ये नगरपरिषदेने घुमट कायम राखण्याचा ठराव केला आणि वर्गणीतून दुरुस्ती झाली. पुढे पुन्हा वर्गणी, पुन्हा दुरुस्ती. इथे दुरुस्तीचा अर्थ उलटा आहे: मोडलेले मोडलेलेच राहावे म्हणून भेगांत राळ भरायची, आतून पोलादी आधार द्यायचा. नवे काही करायचे नाही. हे काम नवे बांधण्याहून अवघड आहे.

ते किती अवघड आहे ते अमृतसरला दिसले. जालियनवाला बागेची जमीनही १९१९ च्या हत्याकांडानंतर लोकांच्या वर्गणीतूनच विकत घेतली गेली होती. १९६१ मध्ये तिथे ज्वालेच्या आकाराचे स्मारक उभे राहिले. २०२१ मध्ये नूतनीकरण झालेली बाग खुली झाली तेव्हा ज्या अरुंद बोळातून डायरचे सैनिक आत घुसले होते, त्याच्या भिंतींवर हसऱ्या, चालत्या माणसांची उठावशिल्पे आली होती. संध्याकाळी प्रकाश आणि ध्वनीचा कार्यक्रम सुरू झाला होता. अनेक इतिहासकारांनी यावर टीका केली आणि ती मला पटते. त्या बोळाचे काम एकच होते. आत शिरणाऱ्याचे खांदे दोन्ही भिंतींना लागावेत आणि बाहेर पळायला वाट किती होती ते त्याला अंगाने कळावे. भिंत सजवली की ते कळणे थांबते. नूतनीकरणाला भरपूर पैसे मिळणे हे स्मारकाचे भाग्य असतेच असे नाही. कशाला हात लावायचा नाही हे ठरवण्यासाठी पैशाहून अधिक काहीतरी लागते, आणि ते त्या जागेशी वर्षानुवर्षे संबंध ठेवणाऱ्या माणसांकडून येते.

मराठी माणसाला हे परके वाटू नये. अहिल्याबाई होळकरांची कीर्ती नवे किल्ले बांधण्यावर उभी नाही. पडलेली देवळे, ढासळलेले घाट, बुजलेल्या विहिरी त्यांनी पुन्हा उभ्या केल्या आणि त्यांच्या पूजेअर्चेची, देखभालीची तजवीज खासगीच्या उत्पन्नातून लावून दिली. देखभालीची तजवीज नसेल तर बांधकामाला हात घालू नये, ही समज अठराव्या शतकात एका राज्यकर्तीला होती.

स्मारकाचा अर्थ नंतरची माणसे कसा बदलतात, याचे आपल्याकडचे सर्वांत ठसठशीत उदाहरण भीमा-कोरेगावचा स्तंभ आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीने तो आपल्या फौजेच्या गौरवासाठी उभारला. त्यावरच्या मृतांच्या यादीत महार सैनिकांची नावे आहेत. पुढे त्याच इंग्रज सरकारने महारांची भरती थांबवली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये ती मोडूनही टाकली. अशा वेळी, १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले. दगड तोच होता, अक्षरे तीच होती. पण कंपनीचा विजयस्तंभ त्या दिवसापासून माणुसकीचा हक्क मागणाऱ्यांचा झाला. कॅन्सस सिटीने कर लावून जे केले ते या लोकांनी पायी येऊन केले. स्मारकावर कुणाचा हक्क आहे हे ते बांधणाऱ्याच्या हातात राहत नाही. तिथे येणारे ते ठरवतात.

याच महायुद्धाची आपली बाजू अजून अर्धीच वाचलेली आहे. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत सहावी डिव्हिजन गेली, तिचे नावच पूना डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिच्यात होत्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ पर्यंत ही माणसे उपाशी राहिली आणि शरणागतीनंतर कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत त्यांतली कितीतरी मेली. ज्यांची थडगी सापडली नाहीत त्यांच्यासाठी बसऱ्याला स्मारक झाले. त्यावर इंग्रज शिपायांची नावे कोरली. हिंदी शिपायांचे मात्र पलटणीमागे फक्त आकडे. अमुक पलटण, इतके इतर. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकुमाने ते स्मारक उचलून शहरापासून ३२ किलोमीटरवर वाळवंटात नेऊन ठेवले. स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाने २०२१ मध्ये आपल्याच कारभाराची चौकशी प्रसिद्ध केली. किमान ४५ हजार, प्रामुख्याने आशियाई आणि आफ्रिकी मृतांना गोऱ्यांच्या बरोबरीचे स्मरण मिळाले नाही आणि आणखी किमान १ लाख १६ हजारांची नावे कुठेच कोरली गेली नाहीत, हे त्यात कबूल केले आणि माफी मागितली. शंभर वर्षांनी आलेली ही माफीही एक प्रकारचा जीर्णोद्धारच आहे, फक्त तो अजून कागदावर आहे.

आपल्याकडचे दगडही असेच आकड्यांचे आहेत. सातारा, रत्नागिरी, पुणे या भागांतल्या कितीतरी गावांत चावडीत, वेशीवर, देवळाच्या भिंतीत एक छोटी संगमरवरी पाटी दिसते. या गावातून इतकी माणसे महायुद्धाला गेली, त्यांतली इतकी परत आली नाहीत, एवढाच मजकूर. नाव एकही नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याने त्या युद्धात ४६ माणसे गमावली. कॅन्सस सिटीच्या ४४१ पुढे हा आकडा लहान दिसेल, पण एका गावातले ४६ म्हणजे वाड्या-वाड्यांतली, भावकीतली, एका पंगतीला बसणारी माणसे. अपशिंग्याने सैनिकी परंपरेमुळे ती आठवण जपली. इतर गावांत पाटीवर चुन्याचे हात चढले, कुठे रस्तारुंदीत चावडीच गेली, कुठे पाटीसमोर विजेची डीपी आली. ती कुणी मुद्दाम पुसली नाही. कौले परतायला कुणी उरले नाही, इतकेच.

हे काम करता येण्यासारखे आहे आणि त्याला करोडो रुपयेही लागत नाहीत. युद्धस्मृती आयोगाची मृतांची नोंदवही आज कुणालाही खुली आहे. हिंदी शिपायांच्या अनेक नोंदींत वडिलांचे नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला आहे. इंग्रज कारकुनाच्या स्पेलिंगमुळे गावांची नावे ओळखू येत नाहीत, पण त्या भागातला माणूस ती मोठ्याने वाचली की ओळखतो. तालुक्याच्या शाळेतला इतिहासाचा शिक्षक आणि नववीची वीस मुले एका वर्षात आपल्या तालुक्याच्या पाट्यांवरचे आकडे नावांशी जुळवू शकतात. सगळी जुळणार नाहीत. जी जुळतील ती जुन्या पाटीला हात न लावता शेजारी दुसऱ्या दगडावर कोरावीत. इंग्रजांनी आकडा लिहिला आणि नाव लिहिले नाही, हेही पुढच्यांना दिसले पाहिजे. मग ग्रामसभेत विषय ठेवावा, हात वर करून ठराव घ्यावा आणि ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात दरवर्षी या दगडासाठी दोन हजार रुपयांची तरतूद करावी: धुण्यासाठी, अक्षरे रंगवण्यासाठी, पावसाळ्याआधी फटी बुजवण्यासाठी. वर्गणी काढली तर ती प्रत्येक घराकडून काढावी. दहा रुपये का होईना, पण देणाऱ्यांच्या यादीत गावातले एकही घर, एकही आळी सुटता कामा नये.